सहा कोरडी तासं

गळून पडलेल्या पात्या मोजायची सवय मला २०२३ च्या ऑगस्टात लागली. सकाळी ऊन चढायच्या आधी वावरात जायचं, ठरलेल्या तासातल्या, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या, ठरलेल्या दहा झाडांखाली बसायचं आणि आदल्या दिवसापासून जेवढ्या पात्या खाली आल्या तेवढ्या ओटीत गोळा करायच्या. पातं म्हणजे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, कळी. तीन हिरव्या झालरी तिला अशा घट्ट मिटून घेतात की आत काय आहे ते दिसत नाही. झाडाला ती पोसवेनाशी झाली की आधी या झालरी पिवळट पडून उघडतात. मग नुसतं बोट लागलं तरी कळी टपकन हातात येते. तिच्या देठाशी ओरखडा नसतो, अळीचं भोक नसतं. झाडानं आपणहून सोडलेली असते ती.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं. त्या वर्षी मृग कोरडाच गेला, पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला, तेव्हा कुठे सरकी टोबली. जुलैत मात्र असा कोसळला की यवतमाळ जिल्ह्यात नदीकाठची वावरं खरडून गेली. आम्ही वावरात साचलेलं पाणी काढायला चर खोदले. आणि मग ऑगस्ट. १९०१ पासून नोंदी आहेत, त्यात देशभरातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. ढग यायचे, दुपारभर सावली द्यायचे आणि निघून जायचे. महिन्याभरापूर्वी खोदलेल्या चरांच्या काठाला भेगा पडल्या. काळ्या मातीची भेग उभी जाते. मी त्यात तुराटी घातली तर हातभर खाली गेली.

"तुमचं काय, तुमचं ओलित आहे," असं गावात सगळे म्हणायचे. विदर्भातली बहुतेक पऱ्हाटी कोरडवाहू आहे, त्यामुळे ज्याच्याकडे विहीर त्याला दुष्काळ नाही असा समज आहे. आमच्याकडे विहीर आहे, पाच एचपीची मोटर आहे, आणि आठ तास येणारी लाईट आहे, त्यातही अर्धे दिवस रात्रीची. त्या ऑगस्टात मोटर अडीच तास चालली की विहीर तळ दाखवायची. मग बंद करायची, झरे भरायची वाट पाहायची, पुन्हा सुरू करायची. ओलित म्हणजे अमाप पाणी नव्हे. ओलित म्हणजे कोणाला आज द्यायचं आणि कोणाला उद्या, हे ठरवायची पाळी आपल्यावर येणं. कोरडवाहूवाल्याला निदान ते ठरवावं लागत नाही.

वाणांची तुलना मी पहिल्यांदा करत नव्हते. दोन वर्षांआधी, २०२१ ला, दोन संकरित वाण शेजारी शेजारी लावले होते. त्यातला एक सरस निघाला, एकरी चार क्विंटलचा फरक. मी ते वहीत लिहिलं आणि गावात तिघांना सांगितलंही. तिघांनी माझ्या शब्दावर त्याच वाणाची पाकिटं घेतली. त्यांची वावरं वरच्या अंगाला, मुरमाड, हातभर खाली दगड. २०२२ च्या ऑगस्टात त्यांची झाडं गुडघ्याएवढीच राहिली, तेव्हा मला कळलं की मी काय सांगितलं होतं. माझा सरस वाण नाल्याच्या बाजूला होता. तिथं गाळाची माती पाच फूट खोल आहे, आणि पाटाचं पाणी उताराला तिकडेच मुरतं. मी वाण मोजलाच नव्हता, माती मोजली होती. तिघांपैकी एकानंही मला बोल लावला नाही. त्यामुळे ते जास्त टोचतं.

म्हणून २०२३ ला नीट करायचं ठरवलं. विहिरीखालचं दोन एकर वावर, तीन फुटांवर ९६ तासं, चार वाण, प्रत्येकी २४. आणि तासं अशी काढली की प्रत्येक तास वरच्या मुरमाड टोकाला सुरू होऊन खाली नाल्याच्या गाळात संपेल. म्हणजे प्रत्येक वाणाला हलकी मातीही मिळेल आणि भारीही. मशागतीला हे गैरसोयीचं होतं. डवरा उताराच्या दिशेनं चालला तर माती वाहते, हे मला ठाऊक होतं आणि जुलैच्या पावसात थोडी वाहिलीही. पण दुसरा मार्ग सुचला नाही.

चार वाण असे. एक उशिरा येणारं संकरित, मोठ्या बोंडाचं, सहा महिन्यांचं. एक लवकर येणारं संकरित, बुटकं, पाच महिन्यांच्या आत आटोपणारं. दोन्ही बीजी-२, म्हणजे बोंडअळीला मारणारा गुण बियाण्यातच घातलेली बीटी कपाशी. दोन्हींच्या पाकिटात ४७५ ग्रॅम सरकी आणि किंमत तेव्हा ८५३ रुपये. त्यांची नावं लिहीत नाही. पाकिटावरची नावं दोन-तीन वर्षांत बदलतात आणि दुसऱ्याच नावाखाली तेच बियाणं येतं असा आमचा अनुभव आहे. तिसरा 'सूरज', नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सरळ वाण, ज्याची सरकी घरी ठेवता येते. आणि चौथा मामाजींचा आग्रह: अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा देशी वाण, एकेए-७.

मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांच्या लहानपणी वऱ्हाडात बहुतेक देशीच होतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना इथला कापूस गेला, तोही देशीच. अमरावतीच्या नावावरून त्याला व्यापारात 'उमरा' म्हणत. पुढे यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे धावली तीही याच कापसाच्या गाठींसाठी. मग १९७० ला सुरतेहून डॉ. सी. टी. पटेलांचं संकर-४ आलं, जगातलं पहिलं व्यापारी संकरित कपाशीचं वाण. १९८० नंतर नांदेड-४४ आलं, २००२ ला बीटी, २००६ ला बीजी-२. प्रत्येक वेळी देशी थोडं मागं सरकलं. आता आमच्या पंचक्रोशीत ते शोधावं लागतं. मामाजींनी एका ओळखीच्याकडून सरकी आणली. ती दुकानातल्यासारखी लेप दिलेली, गुळगुळीत नव्हती. अंगावर पांढरट लव होती आणि दाणे एकमेकांना चिकटत होते. त्यांनी खाटेवर शेणमाती घालून ती तळव्यानं गोल गोल घोळली, लव बसेपर्यंत. मी त्यांचे हात पाहत होते. गेल्या चाळीस वर्षांत त्यांनी हे केलं नसेल, पण हात थांबले नाहीत.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात हिशेब केला. सगळ्या ९६ तासांना पाण्याची एक पाळी द्यायला विहीर पुरत नव्हती. मी म्हटलं, एक वाण सोडून देऊ, बाकी तीन नीट जगवू. मनात अर्थातच देशी होतं, कारण त्याचं उत्पन्न कमीच येणार. मामाजी धुऱ्यावर बसले होते. म्हणाले, "एकाचंच पोट काहून मारतं, सूनबाई? साऱ्याईचं थोडं थोडं मार."

म्हणून प्रत्येक वाणाची सहा तासं कोरडी ठेवली. अठरा ओली, सहा कोरडी. त्यातही कडेच्या दोन्ही तासांना शेजारच्या सरीतून ओल झिरपते, म्हणून मोजायला मधली चारच धरली. बाकीच्यांना एक आड एक सरी पाणी दिलं. झाडाची एक बाजू ओली, दुसरी कोरडी. यात निम्म्या पाण्यात झाड तगतं. हे पूर्वीपासून सांगितलं जातं, पण पाणी मुबलक असेपर्यंत कोणी करत नाही, मीही केलं नव्हतं.

आणि मग जे दिसलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. ओल्या तासांत चारही वाण सारखेच हिरवे, सारखेच ताजे. वाटेवरून जाणाऱ्याला कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो हेही कळलं नसतं. पाण्यानं सगळ्यांचे स्वभाव झाकले होते. कोरड्या तासांत चौघे चार प्रकारे वागत होते.

उशिराच्या संकरितानं सगळ्यात आधी मान टाकली. सकाळी दहालाच पानं लोंबायची, दुपारी दोनला पान हातात घेतलं तर कोमट फडक्यासारखं लागायचं. संध्याकाळी उभं राहायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पात्या सगळ्यात जास्त त्याच्याखाली. दहा झाडांखाली एका सकाळी मी ४१ मोजल्या. लवकरच्या संकरितानं वेगळं केलं. त्यानं वाढ थांबवली. शेंडा जिथल्या तिथे, पेरं आखूड, पण खालच्या फांद्यांवर आधी धरलेलं धरून ठेवलं. जणू आहे तेवढ्यात भागवायचं ठरवलं. 'सूरज' या दोघांच्या मधे कुठेतरी. त्याच्या केसाळ पानांवर तुडतुडे कमी होते, हे मात्र स्पष्ट होतं. कोरडं पडलं की तुडतुड्यांचा जोर वाढतो आणि संकरिताच्या पानांच्या कडा खाली मुडपून पिवळ्या पडत होत्या.

एकेए-७ चं पान अरुंद, खोल कापलेलं, बोटं पसरलेल्या हातासारखं. ऊन त्याच्यातून आरपार जमिनीवर पडतं. दुपारी दोनला इतर तिघांची पानं लोंबलेली असताना याची पानं किंचित वळलेली, पण आडवी, तशीच. फूल पिवळं, तळाशी गर्द तांबडा ठिपका. दहा झाडांखाली पात्या सापडल्या ६, कधी ४. एका झाडाचं बूड मी उकरून पाहिलं. सोटमूळ वाकडं न होता सरळ भेगेच्या कडेनं खाली गेलेलं होतं. दीड फुटापर्यंत उकरलं, तरी ते करंगळीएवढं जाड होतं. पुढे खणवेना. मी ते परत बुजवलं आणि हातातल्या बाटलीतलं पाणी तिथं ओतलं. मोजणीच्या दृष्टीनं ते चूक होतं, म्हणून वहीत ते झाड खोडलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला विहिरीला जरा पाणी वाढलं आणि मी एक घाई केली. ओल्या तासांना रात्रभर पाटानं भरपूर पाणी दिलं, सगळ्या सऱ्या भरून. लाईट जाईल या भीतीनं जेवढं मिळेल तेवढं देऊन टाकलं. दोनच दिवसांनी पाऊसही आला, चांगला दणकून. सगळं गाव आनंदात होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी उशिराच्या संकरितात झाडंच्या झाडं सुकलेली दिसली. पानं हिरवी, पण लुळी, जशी उपटून ठेवलेली भाजी. हा आकस्मिक मर. रोगजंतू नसतो यात. बरेच दिवस तहानलेल्या, पात्या-बोंडांनी भरलेल्या झाडाच्या मुळांना एकदम पाणी साचलं की काळ्या मातीत हवा उरत नाही, मुळं गुदमरतात, आणि पाण्यात उभं असलेलं झाड पाण्यावाचून सुकतं. पहिल्या एक-दोन दिवसांत धावपळ केली तर काही वाचतात. चर काढून पाणी बाहेर काढलं. दहा लिटर पाण्यात १५० ग्रॅम युरिया, १५० ग्रॅम पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड कालवून एकेका झाडाच्या बुडाशी ओतलं, माती पायानं दाबली. मी, माझे यजमान, दोन बाया आणि मामाजी, दिवस मावळेपर्यंत. निम्म्याहून थोडी जास्त झाडं उठली.

एकेए-७ च्या ओल्या तासात एकही झाड सुकलं नाही. आणि उशिराच्याच संकरिताच्या कोरड्या सहा तासांतही अगदी मोजकी सुकली, कारण त्यांना फक्त पाऊस मिळाला होता, माझं पाणी नाही. हे मला पचायला वेळ लागला. ज्यांची मी उपेक्षा केली ती माझ्या घाईतून वाचली होती.

सप्टेंबरच्या पावसानं चित्र पालटलं. उरलेल्या उशिराच्या संकरितानं नव्यानं पात्यांचा बहर धरला आणि गळलेलं बरंचसं भरून काढलं. त्याची ताकद हीच आहे, त्याला वेळ मिळाला तर तो परतफेड करतो. पण ती परतफेड नोव्हेंबरात येते. तोवर डोमकळ्या, म्हणजे न उमलता मिटलेलीच राहिलेली फुलं, दिसायला लागल्या होत्या, म्हणजे गुलाबी बोंडअळी आत पोहोचली होती. २०१७ ला या अळीनं बोंडं पोखरून जे नुकसान केलं ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. बीजी-२ ला ती आता जुमानत नाही. म्हणून ज्याची बोंडं आधी पिकतात त्याला तिच्या तावडीतून सुटायची संधी जास्त. ऑक्टोबरात दोन्ही संकरितांवर लाल्याही आला, पानं तांबूस. देशीवर काही नाही. देशी बीटी नसल्यामुळे त्याच्यात नर पतंगांना वासानं ओढून पकडणारे कामगंध सापळे लावले, निंबोळी अर्क फवारला, आणि एक फवारणी औषधाची करावी लागली. संकरितांवर मिळून चार.

दिवाळीच्या आधी पहिला वेचा आला. दहीभात, हळदकुंकू, सीतादही, ही वेचणीआधीची पूजा झाली आणि बाया तासाला लागल्या. इथं मला एक गोष्ट समजली जी माझ्या वहीच्या रकान्यांत नव्हतीच. वेचणी किलोवर असते, त्या वर्षी किलोमागे १० रुपये. मोठ्या बोंडाच्या तासात दिवसाला बाई जेवढं वेचते त्याच्या निम्मंच देशीत भरतं. बोंड सुपारीएवढं, आतले कप्पे बारके, आणि पिकलं की कापूस खाली लोंबतो, एक दिवस उशीर झाला की मातीत. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या एका काकूंनी स्पष्ट सांगितलं, "बाई, त्या बारक्या बोंडाईत मले नोको लावू. बोटं माह्ये, अन् मोजमाप तुह्यं." त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. देशीच्या तासांना आम्ही रोजानं मजुरी दिली. वाणाची किंमत ठरवताना वेचणाऱ्या बाईच्या दिवसाचा हिशेब धरला जात नाही, आणि तो धरला नाही तर ती तुलना अर्धीच आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. फुटलेली बोंडं भिजली, पांढरा कापूस राखाडी पडला. त्यात सगळ्यात जास्त नुकसान उशिराच्या संकरिताचं, कारण त्याचाच कापूस झाडावर सगळ्यात जास्त होता. लवकरच्याचा बराचसा घरात आलेला होता. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७०२० रुपये होता. जानेवारीत खाजगीत भाव त्याच्या खाली होता आणि भिजलेल्या कापसाला त्याहून खाली. देशीचा धागा आखूड आणि जाड. व्यापाऱ्यानं मुठीत धरून पाहिला, ओढला, आणि वेगळा काटा न करता सगळ्यात खालच्या भावात टाकला.

तर शेवटी वजन असं: ओल्या तासांत उशिराचं संकरित पहिलं, मर लागूनही. त्याच्या अगदी मागं लवकरचं. मग 'सूरज', आणि बरंच खाली देशी. मधल्या चार कोरड्या तासांत लवकरचं पहिलं. उशिराचं आपल्याच ओल्या तासांच्या जेमतेम निम्म्यावर आलं. देशी मात्र ओलं असो की कोरडं, जवळपास तेवढंच. किलोत ते मोठं नाहीच. पण उशिराच्या संकरिताच्या कोरड्या तासांत आणि देशीच्या कोरड्या तासांत फवारणी, खत, बियाणं वजा केल्यावर फरक इतका कमी उरला की मी तो हिशेब तीनदा केला.

ज्या तिघांना मी २०२२ ला चुकीचं सांगितलं होतं त्यांना फेब्रुवारीत घरी बोलावलं आणि वही दाखवली. या वेळी कोणता वाण घ्या ते सांगितलं नाही. कोणत्या तासाला किती पाण्या, कोणत्या तारखेला, माती किती खोल, पाऊस कधी, वेचा कधी, हे सगळं वाचून दाखवलं. बाजारात वाणाचे मोठमोठे फलक लागतात, त्यावर एकरी आकडा असतो. तो आकडा खोटाच असतो असं मी म्हणत नाही. पण त्याला पाण्या किती दिल्या होत्या आणि मुरूम किती खोलावर होता हे लिहिलेलं नसतं, आणि मुरमाड वावरवाल्याला तेवढंच कळायला हवं असतं. तिघांपैकी दोघांनी लवकरचं घेतलं. तिसऱ्यानं, ज्याचं वावर सगळ्यात हलकं आहे, त्यानं मामाजींकडे देशीची सरकी मागितली, अर्ध्या एकरापुरती. मामाजींनी मडक्यातून मोजून काढून दिली आणि शेणात कशी घोळायची ते अंगणातच करून दाखवलं.

२०२४ ला पाऊस बरा झाला. ऑगस्टात विहिरीला पाणी होतं, सगळ्या तासांना पाळी पुरली असती. यजमान पाण्यावर होते. सरी भरत भरत ते लवकरच्या संकरिताच्या शेवटच्या सहा तासांपाशी आले आणि तिथं मी रोवलेली तुराटी पाहून थांबले. तिला लाल चिंधी बांधलेली होती. "याईले पण देऊ ना," ते म्हणाले, "पानी आहे यंदा." मी नको म्हटलं. त्यांनी पाट माती टाकून बंद केला, आणि मी मधल्या चार तासांत दहा झाडं निवडून त्यांनाही चिंध्या बांधायला बसले.